सांध्यातले वंगण

दसऱ्याला वाहनाची पूजा करावी, पुढे झेंडूची माळ घालावी, चाकाशी नारळ वाढवावा, ही रीत आपण बृहन्महाराष्ट्रातले लोक जेथे जेथे गेलो तेथे तेथे बरोबर घेऊन गेलो. जबलपूरच्या माझ्या अंगणातही ती पाळली जाते. तेथे एक जुनी जीप उभी आहे. उंच बॉनेटची, १९६४ साली बांधलेली, १९९८ साली एका सरकारी लिलावात मी घेतलेली. पूजा दसऱ्याला होते, परंतु माझे खरे काम आदल्या दिवशी, खंडेनवमीला असते. त्या दिवशी सकाळी मी जुने पोते अंथरून पुढच्या चाकापाशी आडवा होतो, चाकामागचे एक लहानसे बूच पान्याने उघडतो आणि आत करंगळी घालून पाहतो. करंगळीला वंगण लागले तर बूच पुन्हा बसवतो. न लागले तर भर घालतो. मग दुसऱ्या चाकाकडे वळतो.

यंदा माझे एक शेजारी, तेही निवृत्त अधिकारी, हा प्रकार पाहत उभे होते. ते म्हणाले, “अहो, ही गाडी वर्षाकाठी शंभर किलोमीटर तरी चालते का? आणि त्या सांध्यात वंगण आहे की नाही, हे पाहणार कोण?” मी हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. जे काम कोणी पाहणार नाही, ज्याचा लाभ आपल्याला नव्हे तर पुढे येणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाला होणार, ते काम करण्याचे बंधन आपल्यावर असते काय? असल्यास ते कोठून येते? ज्यांचे आयुष्य तीन-तीन वर्षांच्या बदल्यांत गेले, अशा तुमच्या-माझ्यासारख्यांना हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यावे असे मनात आले.

प्रथम तो सांधा कसा असतो, हे सांगितले पाहिजे. त्या काळच्या साध्या मोटारीत बहुधा मागची चाके गाडीला ढकलीत आणि पुढची चाके तिला दिशा दाखवीत. जीपच्या पुढच्या चाकांना मात्र दोन्ही कामे करावी लागतात. त्यांनी वळायचेही आणि ओढायचेही. याचा अर्थ असा की, चाकाला शक्ती पोचवणारा पोलादी दांडा चाकाजवळ वाकता आला पाहिजे, आणि वाकलेल्या स्थितीतही फिरत राहिला पाहिजे. साधा फुलीचा सांधा कोनात वाकवून फिरवला तर एका फेऱ्यात तो दोनदा वेग घेतो व दोनदा मंदावतो, आणि चाक गचके देते. हे टाळण्यासाठी समान वेगाने फिरणारे सांधे निर्माण झाले. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या गेल्या, त्यांत अशा निरनिराळ्या बनावटीचे सांधे होते. बेंडिक्स बनावटीच्या सांध्यात चार पोलादी गोळ्या शक्ती वाहून नेतात आणि पाचवी मध्यभागी राहून दोन्ही भागांना जागेवर धरते.

हा नाजूक सांधा उघडा ठेवता येत नाही. म्हणून पुढच्या आसाच्या टोकाला नारळाएवढा पोकळ पोलादी गोल असतो आणि सांधा त्याच्या पोटात फिरतो. त्या गोलाला बाहेरून कवेत घेऊन बसलेले जे ओतीव घर, ते चाकाबरोबर उजवीकडे-डावीकडे वळते. वर एक आणि खाली एक अशा दोन किंगपिनांवर ते तोललेले असते, आणि प्रत्येक पिनेशी निमुळत्या रोलरांचे एक बेअरिंग असते. घर आणि गोल यांच्यामध्ये नमद्याचे सील असते. ते गोलाचा पृष्ठभाग सतत पुसत राहते, आतले वंगण आत ठेवते आणि बाहेरचे पाणी व धूळ बाहेर ठेवते. या सगळ्या रचनेला इंग्रजीत बोटाच्या पेराच्या सांध्याचे नाव आहे. आपल्याकडच्या कार्यशाळांत तिला सरळ ‘नकल’ म्हणतात. कार्यालयात नकल म्हणजे मुळाबरहुकूम उतरवलेली प्रत. या दोन नकलांचा माझ्या आयुष्यात एकदा संबंध आला, तो पुढे सांगणार आहे.

या घरातले वंगण कसे असावे, यालाही काही नियम आहेत. ते बासुंदीपेक्षा दाट आणि श्रीखंडापेक्षा पातळ हवे. चाकाच्या बेअरिंगचे घट्ट ग्रीस भरले, तर फिरता सांधा ते एकदाच भिंतींवर फेकतो. ते तेथेच चिकटून बसते आणि सांधा कोरडा फिरत राहतो. निव्वळ तेल भरले, तर ते जुन्या सीलमधून गळून टायरवर आणि ब्रेकवर जाते. बुचाच्या भोकापर्यंत भरावे, त्याहून अधिक दडपू नये. कारण जास्तीचे वंगण आतून दाब देऊन सीलच बिघडवते. शिवाय गाडी साध्या दोन चाकांच्या शक्तीवर चालत असली, तरी हबकुलपे नसलेल्या जीपमध्ये पुढचा दांडा चाकाबरोबर फिरतच असतो. म्हणजे हा सांधा काम नसतानाही झिजत असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जीपच्या सांगाड्यावर ठिकठिकाणी ग्रीसचे निपल असतात. ग्रीसगन लावली, दोनदा दाबली, की काम झाले. या घराला मात्र निपल नव्हे, बूच असते. जो माणूस ग्रीसगन घेऊन गाडीभोवती फिरेल तो प्रत्येक निपलाला ग्रीस देईल आणि हा सांधा तसाच राहील. त्याने नंतर नोंदवहीत ‘सर्व निपलांना ग्रीस दिले’ असे लिहिले, तर त्यात एक अक्षरही खोटे नसेल.

आमच्या आजोळी वऱ्हाडात बैलगाडी होती. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तिच्या आसाला वंगण घातले जाई. ते राहिले, तर दुसऱ्या दिवशी गाडी वेशीपासून करकरत येई आणि गाडीवानाचा आळस साऱ्या गावाला कळे. तेथे नीतीचे रक्षण कानच करीत. जीपचा हा सांधा करकरत नाही. तो वर्षानुवर्षे मुकाट्याने कोरडा राहतो. यंत्रे जसजशी सुधारत गेली, तसतशी दुर्लक्षाची बातमी उशिरा येऊ लागली, आणि अनेकदा ती चुकीच्या माणसाच्या दारी येऊ लागली.

आता ती गोष्ट. १९८३ च्या जूनमध्ये माझी बदली सरगुजा जिल्ह्यात झाली. सरगुजा तेव्हा मध्य प्रदेशात होता. २००० साली छत्तीसगड वेगळे झाल्यावर तो तिकडे गेला. अंबिकापूरला आमचे कार्यालय, आणि कार्यालयाला एक जुनी पेट्रोलची जीप. १९५२ च्या २ ऑक्टोबरला सामूहिक विकासाची योजना सुरू झाली, तेव्हापासून खेड्यापाड्यांत सरकार म्हटले की जीपच डोळ्यांपुढे येई. आमचेही तसेच होते. चालक तिकडचेच, पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ होते. दर महिन्याच्या अखेरीस नोंदवही माझ्यापुढे येई. तीत ‘सर्व निपलांना ग्रीस दिले’ हे वाक्य असे. मागच्या महिन्याचे वाक्य पुढच्या महिन्यात जसेच्या तसे उतरवलेले असे, खरी नकल. तिच्याखाली मी सही करी. तीन वर्षांत मी अशा छत्तीस सह्या केल्या असतील. एकदाही बाहेर जाऊन गाडीपाशी वाकलो नाही.

१९८६ च्या फेब्रुवारीत चालकांनी मला मुद्दाम बाहेर बोलावले. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने काळपट ओल उतरली होती. त्यांनी सांगितले की सील गेले आहे. पावसाळ्यात नाल्यांतून गाडी गेली तेव्हा आत पाणीही शिरले असावे. बूच गंजून बसले आहे, उघडत नाही. चाक काढून, घर उतरवून, सील बदलावे लागेल. दोन दिवस गाडी कार्यशाळेत ठेवावी लागेल. मी म्हणालो, मार्च संपू द्या. आपण सर्वजण जाणतो की मार्चमध्ये सरकारी माणसाला दुसरा धर्म नसतो. एप्रिलमध्ये दौरे निघाले. मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. जूनमध्ये मी कार्यभार सोपवला. सोपवणुकीच्या यादीत जीप एक, जॅक एक, जादा टायर एक, पाने सात, असे सर्व काही होते. गळक्या सीलसाठी तीत रकाना नव्हता. आणि खरे सांगायचे तर, मला त्याची आठवणही राहिली नव्हती.

१९८७ च्या सप्टेंबरात मैनपाटच्या उतारावर त्या जीपची पुढची चाके एकाएकी थरथरू लागली. ज्यांनी हा थरथराट अनुभवला आहे त्यांना ठाऊक असेल की स्टिअरिंगचे चक्र हातातून सुटून जाते. गाडी नाल्यात गेली. आतले अधिकारी खरचटण्यावर निभावले. चालकांचे उजवे मनगट चक्राच्या आऱ्यांत सापडून मोडले व पुढे नीट जुळून आले नाही. चौकशी झाली. ‘जुने वाहन, स्वाभाविक झीज’ असा निष्कर्ष निघाला. माझे नाव कोठेही आले नाही; येण्याचे कारणही नव्हते. मला जाऊन पंधरा महिने झाले होते.

१९८९ च्या हिवाळ्यात मी तपासणीसाठी अंबिकापूरला गेलो. ते चालक आता कार्यालयाच्या दाराशी टपाल घेण्याच्या कामावर होते. डाव्या हाताने सही करावयास शिकले होते. मला पाहून उठले, मुलाबाळांची चौकशी केली. मीच अपघाताचा विषय काढला. त्यांनी कसलेला कारागीर सांगतो तसे सर्व सांगितले: डाव्या नकलेचे खालचे बेअरिंग भुगा होऊन गेले होते, घर उघडले तेव्हा आतून चहासारखे तांबडे पाणी आले. मग थोडे थांबून म्हणाले, नव्या साहेबांना सीलचे सांगायचे माझ्याकडून राहून गेले. दोष त्यांनी स्वतःकडे घेतला होता. आणि मी? मी तेथे उभा होतो, माझ्यापाशी शब्दही होते. तरी ‘दोष माझा’ असे मी म्हटले नाही. चहा घेतला आणि तपासणीला बसलो. अपघातापेक्षा हा क्षण मला अधिक बोचतो.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि स्वतःच्या बचावाचे सर्व युक्तिवाद मला पाठ आहेत. पहिला असा की, ग्रीस देणे हे माझे काम नव्हते. हे खरे आहे. परंतु सही करणे हे माझे काम होते. सही म्हणजे ‘मी हे हातांनी केले’ असे नव्हे. सही म्हणजे ‘मी हे पाहिले आहे, आणि न पाहिले असल्यास माझ्या विश्वासाला आधार आहे’ असे वचन. माझ्या विश्वासाला आधार होता तो मागच्या महिन्याच्या वाक्याचा. शिवाय ज्यांचे ते काम होते त्यांनी ते मला दाखवलेही होते. दाखवल्यानंतर अज्ञानाचा आधार उरत नाही.

दुसरा युक्तिवाद काळाचा. पंधरा महिन्यांत दुसरे अधिकारी आले, दुसरा पावसाळा गेला. कोणीही ते सील बदलू शकले असते. परंतु जबाबदारी कालांतराने विरळ होते, हे मला पटत नाही. विरळ होतो तो पुरावा. कर्मविपाकाचा जो सिद्धान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यात कर्म कर्त्याच्या मागोमाग जाते. वासरू गाईला शोधून काढते तसे ते त्याला शोधून काढते. शासनात उलटे घडते. तेथे कर्म जागेवर राहते आणि कर्त्याची बदली होते. फळ येते तेव्हा त्या खुर्चीवर, किंवा त्या स्टिअरिंगमागे, दुसराच कोणी बसलेला असतो. म्हणूनच आपल्यासारख्यांनी परिणाम भोगण्याच्या भीतीवर आपली नीती उभारू नये. ती भीती आपल्याला तीन वर्षांच्या पलीकडचे काही दाखवत नाही.

प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ या संवादात एका मेंढपाळाची कथा घातली आहे. त्याला अदृश्य करणारी एक अंगठी सापडते आणि तो अनाचाराला प्रवृत्त होतो. प्रश्न असा की, कोणी पाहत नसताना न्यायाने वागणारा माणूस असतो काय? ही कथा मला अपुरी वाटते. मेंढपाळाला अंगठी फिरवावी लागत होती. आपण काहीतरी वाईट करीत आहोत हे त्याला ठाऊक होते. आमचे काम त्याहून सोपे आहे. येथे कर्ता अदृश्य होत नाही, कृतीच अदृश्य होते. मी दिवसाढवळ्या, सर्वांसमोर, माझ्या टेबलाशी बसून सही केली. अंगठी लागलीच नाही.

तिसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे, आणि तो आपल्याच परंपरेतून येतो. गीतेने कर्मावर अधिकार सांगितला, फळावर नाही. मग फळाची एवढी चिंता का करावी? नोकरीच्या काळात हा आधार अनेकांनी घेतलेला मी पाहिला आहे, आणि मीही घेतला आहे. परंतु फळाची आसक्ती नसणे आणि फळाची पर्वा नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आसक्ती सोडायची ती स्वतःला मिळणाऱ्या फळाची: प्रशंसेची, बढतीची, शेऱ्याची. दुसऱ्याच्या मनगटापर्यंत पोचणाऱ्या फळाविषयी उदासीन राहण्यास वैराग्य म्हणता येत नाही. ती केवळ बेफिकिरी आहे. किंबहुना निष्काम कर्माची कसोटी लावायची तर अशा कोरड्या सांध्यापाशीच लावावी. तेथे फळ मिळणार ते दुसऱ्याला, आणि तेही ‘काहीच घडले नाही’ या रूपात. उतारावर चाक थरथरले नाही, तर त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानीत नाही.

यावर कोणी म्हणेल की, एका अधिकाऱ्याच्या हाताखाली असे हजार सांधे असतात. तो प्रत्येकात करंगळी घालून पाहणार काय? हा आक्षेप रास्त आहे. सर्वत्र पाहण्याचा हट्ट धरणारे अधिकारीही मला भेटले आहेत. ते जास्तीचे वंगण दडपणाऱ्यांसारखे असतात. त्यांच्या दाबाने खालच्या माणसांतला विश्वासच फुटतो आणि सर्व गळू लागते. माझे म्हणणे याहून लहान आहे. सर्व काही पाहणे शक्य नाही. परंतु न पाहिलेल्यावर ‘पाहिले’ अशी सही न करणे शक्य आहे. कधीतरी न सांगता एखादे बूच उघडायला लावणे शक्य आहे. जे दाखवले गेले ते पुढे न ढकलणे शक्य आहे. आणि पुढे ढकलावेच लागले, तर जाताना यादीच्या खाली, रकाना नसला तरी, दोन ओळी लिहून ठेवणे शक्य आहे. त्या दोन ओळींना १९८६ च्या जूनमध्ये मला दोन मिनिटे लागली असती.

पुढच्या काळात वाहनांची रचना बदलली. बंद घरांच्या जागी उघडे सांधे आले, आणि अनेक सांधे तर कारखान्यातूनच कायमचे मोहोरबंद होऊन येऊ लागले. त्यांना बूच नाही, निपल नाही, वंगण देण्याचा प्रश्नच नाही. बिघडले की फेकावे आणि नवे बसवावे. हे सोयीचे आहे, मी त्याला नावे ठेवीत नाही. परंतु माणसामाणसांतले सांधे, कार्यालय आणि गाव यांतले सांधे, अजून तसे मोहोरबंद झालेले नाहीत. त्यांना बुचेच आहेत. ती गंजतात, आणि त्यांच्यासाठी वहीत रकाना नसतो.

लिलावातली जीप मी घेतली ती प्रायश्चित्त म्हणून, असे कोणी समजू नये. प्रायश्चित्त ज्या माणसापाशी घ्यावयाचे होते, त्याच्यापाशी मी १९८९ साली गप्प राहिलो; ते चालक पुढे निवृत्त होऊन गेले आणि त्यांच्यापर्यंत मी पुन्हा पोचलो नाही. पोलादाला वंगण दिल्याने ते देणे फिटत नाही. मी आता सत्तरी ओलांडली आहे. ही गाडी काही वर्षांत दुसऱ्या कोणाच्या अंगणात जाईल. त्याला माझे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. तो तिला उतारावर नेईल आणि ती सरळ चालली तर त्याच्या लक्षातही येणार नाही, एवढेच मला हवे आहे.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही, परंतु त्यांना बॅटरी धरावयास लावली. उजव्या बाजूचे वंगण ठीक होते. डावीकडे करंगळी बाहेर आली ती दुधाळ होऊन. पावसाळ्यात कोठून तरी पाणी शिरले आहे. सील बदलावे लागेल. दिवाळी संपू द्या, असे माझ्या ओठांवर आले होते. मी हात पुसले आणि दसऱ्याची पूजा आटोपताच चाक उतरवायचे ठरवले.